१२५ डॉलरचं शिलाई मशीन

महागडं शिलाई मशीन घ्यावं की नाही, हा प्रश्न किती जुना असेल? साधारण पावणेदोनशे वर्षांचा. म्हणजे बाजारात शिलाई मशीन आलं तेव्हापासूनचाच.

१८५०च्या दशकात अमेरिकेत सिंगरचं मशीन सुमारे १२५ डॉलरला मिळायचं. तिथल्या सर्वसाधारण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे अख्ख्या घराची तीन महिन्यांची कमाई एका मशीनवर! आज बारा लाखांचं पॅकेज असलेल्या माणसाने तीन लाखांचं शिलाई मशीन घरी आणलं तर घरचे काय म्हणतील, कल्पना करा. :-)

तरीही लोकांनी ती घेतली. का घेतली, आणि घेतल्यावर ती परवडली का, हे बघण्यासारखं आहे.

आधी मशीनच्या बाजूने बोलू. व्हीलर अँड विल्सन या सिंगरच्या प्रतिस्पर्धी कंपनीने हाताची शिलाई आणि मशीनची शिलाई यांची तुलना छापली होती. पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तासांच्या वर, मशीनवर सव्वा तास. आता हा कंपनीनेच केलेला बेंचमार्क. आपल्या धंद्यात असल्या बेंचमार्कवर किती विश्वास ठेवायचा हे आपल्याला माहीत आहे. पण निम्मा जरी खरा धरला तरी फरक प्रचंड आहे. या हिशोबाने १२५ डॉलर काहीच नाहीत.

मग मशीन इतकं महाग का? एक कारण म्हणजे पेटंट. एलियास हाऊने १८४६ मध्ये पेटंट घेतलं. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा, ही त्यातली मुख्य कल्पना. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. त्यानंतर प्रत्येकाने प्रत्येकावर खटले भरले. शेवटी १८५६ मध्ये हाऊ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी तह केला आणि आपापली पेटंट एकत्र ठेवली. मशीन बनवणाऱ्याने या गटाला लायसन्स फी द्यायची, सुरुवातीला मशीनमागे १५ डॉलर. ही फी अर्थातच गिऱ्हाइकाच्या खिशातून जायची. त्या गटातलं शेवटचं महत्त्वाचं पेटंट १८७७ मध्ये संपलं आणि सिंगरच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मशीन तेच, शिवणारी बाई तीच, फक्त एक कागद कालबाह्य झाला.

पण १८५६ मध्ये एवढी वर्षं थांबायला कोणाला वेळ होता? सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील. त्याने ओळखलं की बाईला मशीन नको आहे असं नाही, तिच्याकडे एकरकमी पैसे नाहीत. त्याने हप्ते सुरू केले. थोडे डॉलर आत्ता भरा, मशीन घरी न्या, बाकीचे दर महिन्याला. १८५५ मध्ये सिंगरची ८८३ मशीन्स विकली गेली होती, १८५६ मध्ये २,५६४. आपण ज्याला ईएमआय म्हणतो त्याच्या मोठ्या यशाची ही पहिली काही उदाहरणं. शिवाय जुनं मशीन द्या आणि नव्यावर सूट घ्या, ही एक्स्चेंज ऑफरही क्लार्कचीच. परत आलेली जुनी मशीन्स कंपनी चक्क मोडून टाकायची, म्हणजे सेकंडहँड बाजारच उभा राहायला नको. हुशार माणूस!

यातली खोच कुठे होती? शेवटचा हप्ता भरेपर्यंत मशीन कंपनीचंच. हप्ते थकले की मशीन परत जायचं आणि भरलेले पैसेही जायचे.

आता ते चौदा तास आणि सव्वा तास परत घेऊ. वाचलेले तास गेले कुणाकडे? न्यूयॉर्कमध्ये हजारो बायका कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी घरी बसून नगावर शिवायच्या. मशीन आलं तसा नगाचा दर उतरला. व्यापाऱ्यालाही माहीत होतं ना, आता किती वेळ लागतो ते! मशीन बाईचं, हप्ता बाईचा, दोराही बऱ्याचदा बाईचा, आणि वाचलेला वेळ व्यापाऱ्याचा. स्वतःच्या घरासाठी शिवणाऱ्या मध्यमवर्गीय बायकांची वेगळीच गंमत. त्यांचा वेळ वाचला खरा, पण कपड्यांवर झालरी आणि चुण्या वाढल्या आणि वाचलेला वेळ त्यांनी खाल्ला. नवीन लॅपटॉप घेतला की सॉफ्टवेअर जड होतं, तसंच.

'परवडत नाही' याला एक तिसरं उत्तरही मिळालं. जेम्स गिब्ज नावाच्या व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याने एका शिंप्याच्या दुकानात सिंगरचं मशीन पाहिलं. आवडलं, पण किंमत ऐकून त्याला ती अवाच्या सवा वाटली. त्याने स्वतःच मशीन बनवलं, १८५७ मध्ये पेटंट घेतलं आणि विलकॉक्स अँड गिब्जचं मशीन सुमारे ५० डॉलरला विकलं जाऊ लागलं. ते एकाच दोऱ्याने साखळी टाका घालायचं. तडजोड होती, कारण दोन दोऱ्यांचा टाका जास्त पक्का. पण अनेकांना तेवढं पुरेसं होतं.

आपल्याकडे काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार एन. एम. पटेल हे पारशी गृहस्थ बघायचे. साडी आणि धोतराला शिलाई लागत नाही, त्यामुळे घरोघरी मशीन हे स्वप्न इथे अवघडच होतं. इथे मशीन आधी शिंप्याने उचललं. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसलेला शिंपी न्यूयॉर्कच्या बाईपेक्षा एका बाबतीत नशीबवान होता: गिऱ्हाईक त्याचं स्वतःचं होतं. दिवसाला दोनाऐवजी पाच सदरे शिवले तर जास्तीचे पैसे त्याच्याच गल्ल्यात. जो दुसऱ्याच्या दुकानात नगावर शिवायचा, त्याचं गणित मात्र न्यूयॉर्कसारखंच.

१९२४ मध्ये यंत्रांबद्दल बोलताना गांधीजींनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते शोधलं, असं ते म्हणाले. सिंगरचं चरित्र वाचलं तर ही गोष्ट टिकत नाही, त्याचे संसारच अनेक होते! पण गांधीजींची कसोटी मला पटते. यंत्राने कोणाचे कष्ट वाचतात आणि त्याचा फायदा कोणाला होतो, हे आधी बघा.

हे सगळं वाचायचं कारण माझी मावशी. ती डोंबिवलीत ब्लाउज शिवते. तिला भरतकामाचं कॉम्प्युटराइज्ड मशीन घ्यायचंय, किंमत १ लाख ४० हजार. 'तू इंजिनियर ना, सांग घेऊ का,' म्हणाली. मी एक्सेल उघडलं. महिन्याला वीस ब्लाउज ती भरतकामाला बाहेर देते, प्रत्येकी ३०० रुपये. दोरा, वीज वगैरे हजार रुपये वजा केले तर महिन्याला पाच हजार वाचतात. अठ्ठावीस महिन्यांत पैसे वसूल. पण गल्लीत आणखी चार जणींनी तेच मशीन घेतलं आणि दर १५० वर आला तर? वाचणार फक्त दोन हजार, वसुलीला सत्तर महिने, आणि हप्ता खिशातून.

मावशीने शांतपणे ऐकलं. म्हणाली, 'अरे, दर उतरू दे. लग्नसराईत कारागीर माझे ब्लाउज आठ-आठ दिवस अडकवतो आणि गिऱ्हाईक मला बोलतं. त्याचा कॉलम कुठाय?'

तो कॉलम नव्हता, पण तिचा मुद्दा बिनतोड आहे. गिऱ्हाईक तिचं आहे, त्यामुळे वाचलेले आठ दिवसही तिचेच. फक्त हप्त्याची भीती तिलाही वाटली. म्हणून ठरलं असं: निम्मे पैसे साठले की मशीन घ्यायचं, आणि उरलेल्याचा हप्ता दोन हजारांच्या आतच बसवायचा, म्हणजे दर पडला तरी मशीन घरातच राहील. साठवणीतली पहिली दहा हजारांची भर मी टाकली आहे. बदल्यात बायकोचे पुढचे ब्लाउज फुकट, असं मावशीने कबूल केलंय. बघू!