सौंदर्यवादी कादंबरी आणि नीतीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बहरलेल्या सौंदर्यवादाने कलेला नीतीच्या बंधनातून मुक्त केले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या पंथाच्या घोषणांपुरती ती खरी आहे; त्याच्या कादंबऱ्या मात्र वेगळीच साक्ष देतात.

वॉल्टर पेटर याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबोधनकालविषयक ग्रंथाच्या उपसंहारात उत्कट अनुभूतीचा क्षण हेच जीवनाचे साध्य मानले होते. तरुणांची दिशाभूल होईल या शंकेने त्याने १८७७ च्या आवृत्तीत तो गाळला. १८८८ मध्ये तो पुन्हा छापताना, त्यातील विचारांचा अधिक परामर्श ‘मेरियस दि एपिक्युरिअन’ (१८८५) या कादंबरीत घेतल्याचे त्याने नमूद केले. सुखवादी तत्त्वज्ञानापासून निघालेला तिचा रोमन नायक रिंगणातील प्राणिहत्येने व्यथित होतो, आणि अखेर मित्राच्या सुटकेसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालतो. सौंदर्यदृष्टीच येथे करुणेत परिणत होते.

ऑस्कर वाइल्डचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ १८९० च्या जुलैत ‘लिपिनकॉट्स’ मासिकात तेरा प्रकरणांत प्रसिद्ध होताच अनीतिमान ठरली. वाइल्डने उत्तर दिले, की तिच्यातील बोध फारच उघड आहे. तो कलात्मक परिणामावर मात करणार नाही हे पाहणेच कठीण गेले. १८९१ च्या पुस्तकाला त्याने कलेवरील नीतीचा अधिकार नाकारणारी प्रस्तावना जोडली. परंतु प्रकरणे वीस झाली, आणि बहिणीच्या मृत्यूचा सूड घेऊ पाहणारा जेम्स व्हेन त्याच विस्तारात अवतरला. प्रस्तावनेने बाहेर काढलेला प्रश्न कथानकाने पुन्हा आत घेतला.

याचे कारण कादंबरीच्या स्वरूपातच आहे. सूत्र क्षणात पुरे होते. कादंबरीला काल लागतो. सुखाचा क्षण कालप्रवाहात आला, की त्याची किंमत कोणी मोजली हे विचारावेच लागते. डोरियनचे विद्रूप होत जाणारे चित्र म्हणजे हाच हिशेब.

१८९५ साली न्यायालयात वाइल्डविरुद्ध याच कादंबरीचा आधार घेण्यात आला. आपल्या नायकाला तिने आधीच कठोर शासन केले होते, याचे भान तेथे कोणाला राहिले नाही. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांच्या नावांशी निगडित मराठी वादही बहुधा घोषणांच्याच पातळीवर आठवला जातो. निर्णय मात्र कलाकृतीलाच विचारला पाहिजे.