दोन तारांचा जोड

1837 सालच्या एप्रिल महिन्यात सुरत शहर तीन दिवस जळत होते. नऊ हजारांहून अधिक घरे त्या आगीत भस्मसात झाली. आणि निमित्त काय, तर एका घरात उकळत असलेले डांबराचे भांडे! त्याच शहराच्या सरथाणा भागात 24 मे 2019 रोजी एका व्यापारी इमारतीस आग लागून 22 जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक शिकवणीस आलेली मुले होती. या वेळी डांबराचे नाव कोणी घेतले नाही. बोट दाखविले गेले ते विजेकडे. ती वार्ता आली तेव्हापासून, तापीच्या उत्तरेस असलेल्या आमच्या कोसाडमध्ये विद्यार्थ्यांच्या घरी जाणे झाले म्हणजे माझी दृष्टी प्रथम भिंतीवरच्या तारांकडे वळते.

आपल्याकडे वीज आली त्याला फार काळ लोटलेला नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे 1882 मध्ये लागले. 1905 मध्ये मुंबईत वीजपुरवठा व ट्राम कंपनी स्थापन झाली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. तार आली, तशी तार जोडण्याची विद्याही आली. ती मुळात तारायंत्राच्या कारागिरांची. ‘मॅरीड जॉइंट’, ‘ब्रिटानिया जॉइंट’ ही नावे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुले आजही पाठ करतात. तारा घासून स्वच्छ करावयाच्या, एकमेकींत पिळावयाच्या, वर कथील-शिशाचा डाग द्यावयाचा आणि शेवटी रबराची पट्टी गुंडाळावयाची, अशी ती रीत होती. जोड पक्का होई. परंतु काम वेळखाऊ, आणि छताखाली उभे राहून वितळलेले कथील हाताळणे म्हणजे जिवाशी गाठ.

या कटकटीतून वाट काढली ती स्कॉटलंडहून कॅनडात गेलेल्या विल्यम मार या गृहस्थाने. 1914 मध्ये त्याने डाग न देता केवळ दाबाने तारा जोडणारे साधन तयार केले. कॅनडात अशा जोडणीला त्याच्याच नावावरून ‘मॅरेट’ म्हणतात. आज जी पिळाची टोपी मिळते, तिच्या प्लॅस्टिकच्या कवचात निमुळते होत जाणारे धातूचे वेटोळे असते. सोललेल्या तारा एकत्र धरून टोपी उजवीकडे फिरविली की वेटोळे तांब्यात रुतते आणि तारा आवळून धरते.

आपल्या घरांत ही टोपी फारशी रुजली नाही, याला कारण आहे. आपली रीत अशी, की तार मध्येच तोडू नये. एका बटणाच्या खिळीवरून दुसऱ्या बटणाकडे अखंड न्यावी. जोड अटळच असेल, तर स्क्रूचा कनेक्टर वापरावा आणि तो पेटीत ठेवावा. ही रीत उत्तम आहे. परंतु पुढे पंखा वाढतो, गणपतीची आरास येते, नाताळची चांदणी टांगली जाते, आणि घरचाच कोणी हुशार मुलगा दोन तारा पिळून वर काळी पट्टी गुंडाळतो.

यात धोका कोठे? सैल जोड प्रवाहाला अडथळा करतो. तो अडथळा एक दशांश ओहम धरला, तर दहा अँपिअर प्रवाहास त्या टीचभर जागेत दहा वॅट उष्णता सतत निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह काही मर्यादेबाहेर गेलेला नसतो! गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या आईला तीन दिवस जळका वास येत होता. तिला वाटले, इस्त्री जळते आहे. बटणाची पेटी उघडली तेव्हा पट्टीचा कोळसा झालेला होता. एवढ्यावरच निभावले.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी मेन स्विच बंद करावा आणि तारेत वीज नाही हे टेस्टरने पाहावे. तो टेस्टरही आधी चालू जागी तपासून घ्यावा. टोपी तारांच्या जाडीस व संख्येस जुळणारी असावी. टोपीखाली उघडे तांबे दिसू नये. प्रत्येक तार स्वतंत्रपणे ओढून पाहावी. सुटली तर जोड पुन्हा करावा. जुन्या घरांतून ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात. त्यांवर अडथळा करणारा थर चढतो, म्हणून त्या साध्या टोपीने तांब्याला जोडू नयेत. आणि भिंतीतील काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. हा दंडक 1956 च्या भारतीय वीज नियमांत होता आणि त्यानंतरच्या नियमांतही कायम राहिला आहे.

दिवा लागला म्हणजे जोड चांगला झाला, असे आपण समजतो. दिवा तर वाईट जोडावरही लागतो. आज घरी गेल्यावर एखाद्या बटणाच्या पेटीवर हात ठेवून पाहा. ती कोमट लागली, तर उद्याची वाट पाहू नका.