झिजलेल्या नाण्याची साक्ष

नाणे पारखण्याची विद्या आपल्या देशात फार प्राचीन आहे. टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष नेमूनही निश्चिंत न होता कौटिल्याने, व्यवहारात फिरणारे आणि राजकोशात भरणा होणारे नाणे तपासण्यासाठी, रूपदर्शक नावाचा निराळा अधिकारी सांगितला. आणि पुढे पेशवाईत, जेव्हा नाना टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत, तेव्हा हेच काम पोतदार व सराफ यांच्याकडे आले. रुपया वाजवावा, तोलावा, कस पाहावा, आणि झीज वा हीण आढळेल त्या मानाने बट्टा कापावा, हा त्यांचा शिरस्ता. आहत नाण्यांच्या पाठीवरील बारीक खुणा आणि रुपेरी पत्र्याखाली तांबे तर नाही ना, या संशयाने काठावर घातलेले छिन्नीचे घाव या पारखीच्याच निशाण्या होत.

इतिहाससंशोधकाची पारख मात्र झीज, ठसा आणि पृष्ठ या तीन गोष्टी वेगळ्या करण्यापासून सुरू होते. हातोहात फिरलेल्या नाण्याचे उंचवटे, म्हणजे मुखवट्याचे नाक, गाल, केस, प्रथम झिजतात व गुळगुळीत होतात. उलट ठसाच कमी जोराने बसला असेल, तर एक बाजू धूसर आणि शेजारची रेघ धारदार, असा विसंगत प्रकार दिसतो. ठसा मोठा आणि चकती लहान असली, किंवा घाव मध्यावर न पडता सरकला, की काठाची अक्षरे चकतीबाहेर जातात. हा दोष टांकसाळीचा, काळाचा नव्हे. उरले पृष्ठ, त्यावर मातीतील क्षारांचे कार्य शतकानुशतके चाललेले असते.

या विद्येची खरी कसोटी पाहावयाची, तर गोदातीरावरील जोगलटेंभीकडे वळावे. नाशिक जिल्ह्यातील या गावी 1906 साली क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील एक नाणे तळहातावर घेतले, तर ते अंगठ्याच्या नखाहून फारसे मोठे नसते. एका बाजूस राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. एका नाण्यावर संपूर्ण लेख क्वचितच उतरलेला असतो. याचा आरंभ, त्याचा शेवट, असे अनेक नाण्यांवरून जुळवून तो वाचावा लागतो. शिवाय मुखवटे परस्परांशी इतके विसंगत, की साठ्याचा प्रथम अभ्यास करणाऱ्या स्कॉट यांनी ते एकाच राजाचे नसून त्याच्या कुळातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, असा तर्क केला.

परंतु विशेष पुढेच आहे. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या गालावरच तीन कमानींचा चैत्य उमटतो, त्याखाली नागमोडी रेघ. पाठीवर उज्जयिनीचे चिन्ह, आणि त्याच्या फटींतून जुन्या वज्राचा अवशेष डोकावतो. सराफाच्या दृष्टीने अशा नाण्याचे रूप बिघडले. पण ठशावर ठसा आहे, म्हणूनच कोण आधीचा व कोण नंतरचा हा प्रश्न निर्विवाद सुटतो. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या मातेने क्षहरातांच्या निर्मूलनाचा जो अभिमानाने उल्लेख कोरविला, त्याला या विद्रूप चकत्यांनी पुरावा दिला. स्वच्छ, देखण्या मुखवट्याची नाणीच तेवढी निवडून बाकीची वितळवली असती, तर ही साक्ष मुशीतच नाहीशी झाली असती.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. नांगराच्या फाळाला अथवा पायाच्या चरीत जुने नाणे लागले, तर चिंच, राख किंवा लिंबू लावून ते उजळू नये; घासण्याने काळा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. मिळाले तसे, मातीसकट, मडक्याच्या खापरासह ते जपून ठेवावे आणि कलेक्टर कचेरीस वर्दी द्यावी. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.