मर्ल ओबेरॉन: सिनेमावेडी ‘क्वीनी’ मुंबईत जन्मली, हॉलिवूडची नायिका झाली, पण जन्मगाव आयुष्यभर का लपवलं?

ऑड्री हेपबर्न, मेरिलिन मन्रो, व्हिव्हियन ली... इन्स्टाग्रामवर या नट्यांचे जुने फोटो आणि रील्स सतत दिसत असतात. ते टाकणारी मंडळी बहुतेक वेळा कॉलेजात जाणारी असतात. ज्या नटीचे सिनेमे आपल्या आजी-आजोबांच्या काळातले, तिच्यावर जीव टाकायला आज मोबाईल आणि थोडा डेटा पुरतो. मग तुम्ही मुंबईत राहा नाहीतर हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात.

शंभर वर्षांपूर्वी असंच वेड एका मुलीला लागलं होतं. ती मुंबईत जन्मली होती, कलकत्त्यात वाढत होती आणि हॉलिवूडच्या एका नटीचा मूकपट बघून तिने ठरवलं की आपणही हेच करायचं. दहा वर्षांनी त्याच सिनेमाची नवी आवृत्ती निघाली. त्यात नायिका होती ही मुलगी, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

तिचं नाव मर्ल ओबेरॉन. मात्र तिच्या चाहत्यांना ती मुंबईची आहे हे तिच्या मृत्यूपर्यंत कळलं नाही, कारण ती स्वतःच सांगायची की तिचा जन्म ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर झाला.

ही क्वीनी कोण?

मर्लचं जन्मनाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. घरात तिला ‘क्वीनी’ म्हणत. वडील आर्थर थॉम्पसन हे रेल्वेतले ब्रिटिश अभियंता. तिला वाढवलं शार्लट सेल्बी यांनी. त्या मूळच्या सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, मिश्र वंशाच्या होत्या. मर्ल त्यांनाच आई म्हणायची.

खरी गोष्ट मात्र फार वेदनादायक होती. मर्लला जन्म दिला होता शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने. तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच जेमतेम बारा-चौदा वर्षांची होती, आणि बाळाचा बाप होता आईचाच जोडीदार. बोभाटा नको म्हणून शार्लटने नातीला मुलगी म्हणून वाढवलं आणि जन्मदात्री कॉन्स्टन्स मर्लची ‘ताई’ झाली. म्हणजे या घरात लपवाछपवी सुरू झाली ती मर्लला काही कळायच्या आधीच. पुढे तिच्यावर खोटारडेपणाचा शिक्का मारणारे हा भाग सोयीने विसरतात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात वडील वारले आणि १९१७ मध्ये मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ‘ला मार्टिनियर’ या नावाजलेल्या शाळेत क्वीनीला प्रवेश मिळाला, पण मिश्र वंशावरून तिला इतकं चिडवलं गेलं की तिने शाळा सोडली. गोरे तिला आपली मानत नव्हते आणि भारतीय समाजातही तिला जागा नव्हती. अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वाट्याला हे त्या काळी सर्रास यायचं.

चाहती झाली तो सिनेमा

१९२०च्या दशकात भारतातल्या थिएटरांत मुख्यतः परदेशी, त्यातही अमेरिकन सिनेमे लागायचे. सिनेमा मुका असल्याने भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्या वाचता आल्या नाहीत तरी चेहरे कळायचे.

‘द डार्क एंजल’ हा मूकपट १९२५चा. नायक युद्धात आंधळा होतो आणि आपल्या प्रेयसीवर ओझं नको म्हणून तिच्यापासून लपून राहतो, अशी त्याची गोष्ट. नायिका होती विल्मा बँकी. ती हंगेरीची. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने तिला हॉलिवूडमध्ये आणलं होतं. क्वीनी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. विल्माला पडद्यावर बघून तिला नटी व्हायचं वेड लागलं, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं.

यात एक गंमत आहे. विल्मा बँकी इंग्रजी हंगेरियन वळणाने बोलायची. मूकपटात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. बोलपट आले आणि तिची कारकीर्द लवकरच संपली. क्वीनीने पुढे आपल्या उच्चारांतला भारतातला हेल पुसायला जिवापाड मेहनत घेतली, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. कुठून आलो हे आवाजातूनही कळायला नको होतं.

कलकत्त्यात ती टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करायची आणि हौशी नाटकांत कामं करायची. मग ओळखीतून युरोपात काम करणाऱ्या रेक्स इन्ग्रॅम या दिग्दर्शकाचं नाव कळलं आणि विशी गाठण्याआधीच तिने शार्लटसोबत फ्रान्स गाठलं. तिथून लंडन.

नाव बदलणाऱ्या बाकीच्या मुली

इथे थोडं थांबून त्याच काळातल्या भारतीय सिनेमाकडे बघायला हवं. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगीदेखील टेलिफोन ऑपरेटर होती. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने तिला पडद्यावर आणलं आणि ती ‘सुलोचना’ झाली. मूकपटांच्या जमान्यातली ती सर्वांत मोठ्या तारकांपैकी एक. (मराठी सिनेमातल्या सुलोचनादीदी वेगळ्या, गल्लत नको.) कलकत्त्याची अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ ही ‘सीता देवी’ झाली आणि १९२५च्या ‘लाइट ऑफ एशिया’त झळकली.

या मुलींना भारतात काम हवं होतं म्हणून त्यांनी हिंदू नावं घेतली. क्वीनीला पश्चिमेकडे जायचं होतं म्हणून तिने उलट वाट धरली. नाव सगळ्यांनीच बदललं. फरक इतकाच की सुलोचना मूळची रूबी आहे हे कळलं तरी तिचं काम जात नव्हतं, आणि क्वीनीचं मात्र सगळंच गेलं असतं.

टास्मानियाच का?

लंडनमध्ये निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरलं. १९३३च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये तिने राणी ॲन बोलीनची छोटी भूमिका केली आणि ती लोकांच्या नजरेत भरली. पाठोपाठ १९३४चा ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ आला. आता पत्रकार विचारणार, ही मुलगी कुठली? प्रसिद्धी खात्याने उत्तर तयार ठेवलं: टास्मानियातल्या होबार्टची, चांगल्या ब्रिटिश घराण्यातली. बेट ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्या वस्तीचं आणि लंडन-लॉस एंजेलिसपासून इतकं लांब की चौकशीला कोण जाणार?

ही नुसती प्रतिष्ठेची हौस नव्हती. त्या काळची अमेरिका बघा. १९१७ आणि १९२४च्या कायद्यांनी भारतातून जाऊन तिथे स्थायिक होणं जवळपास अशक्य करून टाकलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल दिला. ही दारं थोडी किलकिली झाली ती १९४६ मध्ये, तीही वर्षाला १०० भारतीयांपुरती.

शिवाय १९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज कोडची कडक अंमलबजावणी सुरू झाली. वेगवेगळ्या वंशांच्या पात्रांमधले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला त्यात बंदी होती. म्हणजे गोऱ्या नायकाची प्रेयसी व्हायचं तर नटी गोरीच हवी. याची झळ ॲना मे वाँगला बसली. चिनी वंशाची ही अमेरिकन नटी स्टार असूनही ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चीनमध्येच घडणाऱ्या सिनेमात मुख्य भूमिका मिळाली गोऱ्या लुईस रायनरला. नायक गोरा होता ना! वाँगला वंश लपवणं शक्य नव्हतं. मर्लला ते शक्य होतं.

नामांकन

१९३५ मध्ये सॅम्युएल गोल्डविनने ‘द डार्क एंजल’ पुन्हा काढला, यावेळी बोलपट. विल्मा बँकीची भूमिका आली मर्ल ओबेरॉनकडे. समोर फ्रेडरिक मार्च आणि हर्बर्ट मार्शल. पुढच्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या आठव्या ऑस्कर सोहळ्यात मर्लला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला.

१९३९चा ‘वुदरिंग हाइट्स’ हा तिचा सर्वांत गाजलेला सिनेमा. नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. त्याला नायिका म्हणून हवी होती त्याची प्रेयसी व्हिव्हियन ली, पण मुख्य भूमिका मर्लची ठरलेली होती आणि दुय्यम भूमिका व्हिव्हियनने नाकारली. तिला त्याच काळात ‘गॉन विथ द विंड’ मिळाला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. व्हिव्हियन ली जन्मली दार्जिलिंगमध्ये आणि मर्ल मुंबईत. हॉलिवूडमधल्या एका भूमिकेसाठी दोन भारतात जन्मलेल्या नट्या, आणि त्यातल्या एकीचंच जन्मगाव जगाला ठाऊक!

उजळपणाची किंमत

रंग उजळ दिसावा म्हणून मर्लने त्वचा गोरी करणारे उपचार घेतले आणि त्यांनी तिच्या त्वचेचं नुकसान केलं. १९३७ मध्ये लंडनला झालेल्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण राहिले, ते वेगळंच. पुढे तिचा नवरा झालेला छायाचित्रकार ल्युसियन बॅलर्ड याने ‘द लॉजर’च्या (१९४४) वेळी कॅमेऱ्यालगतच एक दिवा लावला. प्रकाश समोरून सरळ पडल्यामुळे व्रण दिसेनासे झाले. ‘ओबेरॉन’वरून या दिव्याला ‘ओबी’ नाव पडलं आणि ते आजही सिनेमाच्या धंद्यात वापरलं जातं. आज सेटवर ‘ओबी लाव’ म्हणणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे.

शार्लट तिच्यासोबतच राहत होत्या, पण सावळ्या होत्या. पाहुण्यांसमोर त्या घरातली मोलकरीण म्हणून वावरत, असं सांगितलं जातं. १९३७ मध्ये त्या वारल्या. नंतर मर्लने जुन्या फोटोवरून त्यांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराला सूचना होती: रंग उजळ ठेवा. ती चित्रं तिच्या घरात अखेरपर्यंत टांगलेली होती.

तिचे तेव्हाचे चाहते जो चेहरा वहीत चिकटवून ठेवत होते, तो असा बनवलेला होता. आणि आजही तिचे जुने फोटो फॅन एडिट करताना त्यावर चेहरा उजळवणारा फिल्टर सर्रास लावला जातो.

सत्य कधी बाहेर आलं?

१९७८ मध्ये होबार्ट शहराने आपल्या ‘लेकी’चा जाहीर सत्कार ठेवला. मर्ल गेली, पण समारंभात तिला अवघडल्यासारखं झालं आणि तब्येतीचं कारण सांगून ती निघून गेली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, कॅलिफोर्नियात तिचं निधन झालं.

१९८३ मध्ये ‘प्रिन्सेस मर्ल’ हे चरित्र आलं आणि मुंबईतला जन्म जगासमोर आला. कॉन्स्टन्स ही तिची जन्मदात्री असल्याचं कळायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात, १९८५ मध्ये, कोर्डाचा पुतण्या मायकल कोर्डा याने तिच्या आयुष्यावर बेतलेली ‘क्वीनी’ ही कादंबरी लिहिली. तिची टीव्ही मालिकाही झाली. २००२च्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ या माहितीपटात तर टास्मानियाची माणसं ठामपणे सांगताना दिसतात की मर्ल आमचीच, तिथल्याच एका चिनी वंशाच्या बाईची मुलगी! पन्नास वर्षं प्रेम केलेली नटी आपल्या गावची नाही हे पचवणं सोपं नसतं. मयूख सेन यांचं ‘लव्ह, क्वीनी’ हे अलीकडचं चरित्र (२०२५) तिच्याकडे खोटं बोलणारी बाई म्हणून न बघता ती कशात अडकली होती हे सांगतं.

चाहत्यांसाठी: पोस्ट टाकण्याआधी

२०२३ मध्ये मिशेल योह यांना नामांकन आणि नंतर पुरस्कार मिळाला तेव्हा ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालेली पहिली आशियाई’ अशा पोस्ट सगळीकडे फिरल्या. पुरस्कार जिंकणारी पहिली आशियाई अभिनेत्री मिशेल योहच, हे बरोबर आहे. नामांकनाचा मान मात्र ८७ वर्षं आधी मर्ल ओबेरॉनकडे जातो. म्हणून काही अमेरिकन माध्यमांनी योह यांच्याबद्दल ‘स्वतःची ओळख आशियाई सांगणारी पहिली’ अशी शब्दरचना केली. उलट बाजूने, ‘ऑस्करसाठी नामांकन मिळालेली पहिली भारतीय नटी’ असं मर्लबद्दल छातीठोकपणे लिहिताना हेही लक्षात घ्यावं की तिने स्वतःला कधी जाहीरपणे भारतीय म्हटलं नाही आणि तिचं मूळ सिलोनशीही जोडलेलं आहे. ‘मुंबईत जन्मलेली, दक्षिण आशियाई वंशाची’ असं लिहिलं तर चुकणार नाही.

बघायला सुरुवात करायची असेल तर ‘वुदरिंग हाइट्स’ आधी बघा, मग ‘दीज थ्री’ (१९३६). ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ इंटरनेटवर शोधल्यास सापडतो. ‘द डार्क एंजल’ बघाल तो १९३५चाच, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या क्वीनीने पाहिलेला १९२५चा मूकपट आज हरवलेल्या सिनेमांच्या यादीत आहे.