खबर आणि पेठ

ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुण्याची सदाशिव पेठ वसली, त्यांचे नेमके काय झाले याची निःसंशय खबर पेशव्यांच्या घरात कधीच पोहोचली नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपत झाले. उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या सुमारास ते कळले सुमारे दहा दिवसांनी, आणि तेही मोती, मोहरा व खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत लिहिलेल्या एका सावकारी पत्रातून. भाऊ पडले की निसटले, याविषयी लोकांची मने एक होईनात. त्या संशयाचा आधार घेऊन एक तोतया उभा राहिला, कोकणात किल्ले घेण्यापर्यंत त्याची मजल गेली, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र 1783 मध्ये देह ठेवीपर्यंत वैधव्य पत्करले नाही. खबर उशिरा येण्याच्या काळाचे जे आज गोडवे गातात, त्यांनी ही बावीस वर्षे विसरू नयेत.

तरीही त्या काळाचे एक देणे याच पेठेत जपलेले आहे. 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचा रुमाल सोडून बसावे, म्हणजे ध्यानात येते की जासुदाची जोडी निघण्यापूर्वी लिहिणाऱ्याला सारा मजकूर मनाशी जुळवावा लागे, आणि तो वाचणाऱ्यालाही एक एक ओळ लावीत तासन् तास मान वर न करता बसावे लागते.

ती बैठक सांप्रत याच पेठेतील अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची मुले शोधीत आहेत. कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या या मुलांपैकी काहींनी स्मार्टफोन टाकून साधा बटनांचा फोन घेतला आहे, आणि मला त्यांचा निश्चय मोलाचा वाटतो; कारण पानागणिक तुटणारे लक्ष पुन्हा जुळविण्यात जी शक्ती खर्च होते, ती गावाकडून शेतीच्या उत्पन्नातून पैसे धाडणाऱ्या बापाच्या घामाची असते. परंतु लोकसेवा आयोगाची जाहिरात, अर्ज, प्रवेशपत्र, निकाल सारे ऑनलाइन. एखादी मुदत नजरेआड झाली तर वर्षाची मेहनत वाया जाते. 2020 च्या टाळेबंदीत अभ्यासिकांना कुलपे लागली आणि मुले गावी परतली, तेव्हा तर वर्गाशी त्यांना जोडणारा फोन हाच एक धागा उरला होता.

म्हणून फोनचा सर्वस्वी त्याग मला मान्य नाही. नेमलेली वेळ मान्य आहे. पेशवे स्वतः प्रत्येक दरबाराच्या दाराशी कान लावून बसत नसत. त्यासाठी अखबारनवीस नेमलेले असत, आणि ते निवडून लिहीत. अभ्यासिका चालविणाऱ्यांना माझी विनंती आहे : दाराशी फोनांसाठी कुलूपबंद खण ठेवावेत, आयोगाच्या सूचना रोज पाहून फळ्यावर लिहिण्याचे काम पाळीपाळीने एकेका मुलाकडे द्यावे, आणि ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याचा फोन मात्र त्याच्यापाशीच राहू द्यावा.