गुलबदन आजी

अबुल फज्लने ‘अकबरनामा’ लिहिताना मोहिमा, मनसबी आणि नजराणे यांच्या गर्दीत एका यात्रेची नोंद केली आहे. १५७५ सालच्या ऑक्टोबरात फतेहपूर सिक्रीहून शाही घराण्यातील स्त्रियांचा एक मेळा मक्केच्या यात्रेस निघाला. त्या स्त्रियांची नावे त्याने एकामागून एक दिली आहेत. अग्रभागी अकबराची आत्या गुलबदन बेगम. त्यानंतर अकबराची पत्नी सलीमा सुलतान, मिर्झा अस्करीची विधवा, कामरानच्या दोन मुली, काही जुन्या सेविका. आणि या यादीतच एक नाव येते उम्म कुल्सूम. ही कोण? तर गुलबदन बेगमेची नात.

या नातीविषयी याहून अधिक काही सांगण्याची दरबारी इतिहासकाराला गरज भासली नाही. तिचे वय त्याने दिलेले नाही आणि ती का गेली हेही सांगितलेले नाही. परंतु आजी आणि नात यांनी सहा वर्षांहून अधिक काळ समुद्र, वाळवंट आणि परमुलूख एकत्र पाहिला, एवढे या एका नावावरून निश्चित होते. त्या वेळी आजीचे वय बावन्नच्या घरात होते. अकबराच्या काळी सिंधू ओलांडणेही सोपे नव्हते. मग अरबी समुद्राची काय कथा! पण ही आजी घरात बसून जपमाळ ओढणाऱ्यांपैकी नव्हती. प्रवास तिच्या अंगवळणी सहाव्या वर्षापासूनच पडला होता.

गुलबदनचा जन्म १५२३ च्या सुमारास काबूलमध्ये झाला. बाप बाबर, आई दिलदार बेगम. पण बाबराची वडील राणी माहम बेगम हिची मुले एका हुमायूनखेरीज जगली नाहीत. म्हणून तिने दिलदारचा मुलगा हिंदाल आणि मुलगी गुलबदन ही दोन्ही मुले आपल्याकडे घेऊन वाढविली. एका आईच्या कुशीतील मूल दुसरीच्या ओटीत घालण्याची ही रीत त्या घराण्यात नवी नव्हती. दिलदारला काय वाटले, हे मात्र कोणी लिहिलेले नाही.

गुलबदन दोन वर्षांची असताना बाबर हिंदुस्थानच्या स्वारीवर निघाला आणि पुन्हा काबूलला आला नाही. पानिपत झाले, खानवा झाली. मुलीला बाप ठाऊक होता तो केवळ पत्रांतून आणि पाठविलेल्या भेटींतून. त्या भेटींपैकी एकीची हकीकत तिने साठ वर्षांनंतरही खुसखुशीतपणे सांगितली आहे. काबूलमध्ये असस नावाचा एक जुना सेवक होता. बाबराने त्याच्यासाठी एक अशर्फी पाठविली आणि निरोप्यास बजावले की, त्याने विचारले तर ‘एक अशर्फी’ एवढेच सांगावे. सगळ्यांना भरघोस भेटी आणि आपल्याला एकच नाणे! बिचारा असस तीन दिवस मनातल्या मनात जळत राहिला. मग हुकुमाप्रमाणे त्याचे डोळे बांधण्यात आले आणि ती अशर्फी भोक पाडून त्याच्या गळ्यात अडकविण्यात आली. तिचे वजन हिंदुस्थानी पंधरा शेर होते! त्या भाराने तो भांबावला, आनंदाने वेडा झाला आणि माझ्या अशर्फीला कोणी हात लावू नका, म्हणून दोन्ही हातांनी तिला कवटाळून फिरू लागला. पानिपतच्या लढाईची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. पण त्या विजयानंतर काबूलच्या अंतःपुरात कसा हशा पिकला, हे सांगावयास गुलबदनच लागली.

१५२९ साली माहमबरोबर ती आग्र्यास आली. त्या वेळी ती सहा वर्षांची होती. पत्नी आल्याची वार्ता कळताच बाबर घोड्याचीही वाट न पाहता पायीच निघाला. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. वाटेत बाबराच्या वजिराने, खलीफाने, तिचा सत्कार केला आणि त्या सहा वर्षांच्या पाहुणीपुढे सुमारे पन्नास भाजलेली मेंढरे, रोट्या, सरबत आणि फळफळावळ असा थाट मांडला. पुढे ती बापाच्या पाया पडली. त्याने तिची खूप विचारपूस केली आणि तिला बराच वेळ हातांवर घेतले. त्या क्षणी झालेल्या सुखाहून मोठे सुख कल्पनेतही येणार नाही, असे तिने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. जेमतेम दीड वर्षात, १५३० च्या डिसेंबरात, बाबर मरण पावला. तिच्या वाट्यास बाप आला तो एवढाच.

म्हणूनच त्या दीड वर्षाचा कणन् कण तिने साठविला आहे. सिक्रीच्या बागेत बाबराने एक बैठकीची जागा करविली होती. तेथे बसून तो आपले पुस्तक लिहीत असे. या बागेत एकदा तिने बापाच्या अफगाणी पत्नीस ‘माझा हात ओढ’ म्हणून सांगितले. तिने ओढला आणि हात निखळला! मुलगी रडून रडून कासावीस झाली. हाडवैद्य आला, हात बांधला गेला आणि मगच बादशहा आग्र्याकडे निघाला. हात निखळल्याची ही हकीकत कोणत्या तवारिखेत यावयाची? पण ‘बाबरनाम्या’चा कर्ता लिहावयास कोठे बसत असे, हे सांगणारी साक्षीदार ही हात निखळलेली मुलगीच आहे.

या सगळ्या आठवणी पुस्तकात उतरल्या त्या अकबरामुळे. १५८७ च्या सुमारास, ‘अकबरनाम्या’ची सामग्री जुळविताना, बाबर आणि हुमायून यांच्याविषयी ज्यास जे आठवते त्याने ते लिहून द्यावे, असा त्याने हुकूम केला. हुमायूनला पाण्याची झारी देणारा जौहर याने लिहिले, बायजीद बयात या वृद्ध सैनिकाने लिहिले, आणि चौसष्टीच्या घरात आलेल्या आत्यानेही लेखणी हाती घेतली. बाबर गेला तेव्हा आपण आठ वर्षांच्या होतो, तेव्हा फारसे आठवत नसल्यास नवल नाही, अशी प्रांजळ कबुली तिने आरंभीच दिली आहे. तिच्या पुस्तकाला ‘हुमायूननामा’ म्हणतात. त्याची भाषा फारसी. पण मधूनमधून घरातील तुर्की शब्द डोकावतात. दरबारी फारसीचा फुलोरा तिला साधला नाही, किंवा तो साधावा असे तिला वाटलेच नाही. आजीने नातवंडांस गोष्ट सांगावी तशी ती सांगते: कोण कोणाच्या उजव्या हातास बसले, हिंदालच्या लग्नात कोणती भांडी आणि किती उशा आल्या, कोण कोणावर रुसले.

हुमायून तिचा सावत्र भाऊ. पण त्याच्याविषयीची तिची माया ओळीओळीतून पाझरते. १५३९ साली चौसाच्या लढाईत शेरखानाकडून मार खाऊन तो आग्र्यास आला, तेव्हा त्याने बहिणीला प्रथम ओळखलेच नाही. बंगालकडे जाताना तिच्या डोक्यावर कुमारिकेची उंच टोपी होती. आता विवाहित स्त्रीचा रुमाल आला होता. तो तिला म्हणाला की, स्वारीत तुझी फार आठवण येई, तुला आणले असते तर बरे झाले असते असे वाटे. पण तो प्रलय झाल्यावर तुला आणले नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. या बोलण्यामागे एक वेदना होती. त्याची आठ वर्षांची मुलगी अकीका त्या लढाईच्या धुमाळीत नाहीशी झाली होती आणि पुढे तिचा ठाव लागला नाही.

पुस्तकातील सर्वात रसाळ भाग म्हणजे हमीदाबानूच्या लग्नाचा. १५४१ साली राज्य गमावून सिंधमध्ये भटकणाऱ्या हुमायूनने हमीदेस मागणी घातली आणि ती मुलगी चाळीस दिवस नाही म्हणत राहिली. दिलदारने तिची समजूत घातली की, कोणाशी तरी लग्न करावयाचेच, मग बादशहाहून चांगला कोण? त्यावर हमीदा म्हणाली की, करीन तर ज्याच्या गळपट्टीपर्यंत माझा हात पोचेल अशाशी करीन. ज्याच्या अंगरख्याच्या घेराशीही हात पोचत नाही अशाशी नाही. गुलबदन त्या वेळी सिंधमध्ये नव्हती. ती पुढे काबूलातच राहिली. तेव्हा ही हकीकत तिला हमीदेकडूनच कळली असली पाहिजे. एक बादशहाची आई, दुसरी आत्या. दोघी नणंद-भावजया म्हातारपणी एकत्र बसून तरुणपणीचा तो हट्ट आठवून हसत असतील, असे हे पान वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

हुमायूनने काबूल परत मिळविल्यावर मध्यंतरी थोडे सुखाचे दिवस आले. डोंगरात रेवाचिनीच्या जातीची एक आंबट देठांची वनस्पती वसंतात उगवते. ती उगवलेली पाहावयास जाण्याची बेगमांना हौस. एकदा बादशहासह सारे निघाले. चांदणी रात्र होती. तंबू मागे राहिले होते. सर्वजण गप्पा मारीत, गोष्टी सांगत बसले आणि सर्वसही व शाहम आगा हळू हळू गात होत्या. बरीच रात्र झाल्यावर जो तो होता तेथेच निजला. सकाळी घोडे मिळेनात, एक बेगम घोड्यावरून पडली, उशीर झाला आणि हुमायून चिडला. तुम्ही पुढे व्हा, मी अफू घेऊन राग शांत झाला की येतो, असे तो म्हणाला! सहलीला निघालेल्या मोठ्या कुटुंबात आजही असेच घडते, फक्त अफूची जागा चहाने घेतली आहे.

या सुखाला लवकरच दृष्ट लागली. १५५१ च्या नोव्हेंबरात कामरानच्या सैन्याशी झालेल्या रात्रीच्या चकमकीत हिंदाल मारला गेला. गुलबदनचा हा सख्खा भाऊ, माहमच्या घरी तिच्याबरोबर वाढलेला. त्याच्यावर चाललेली तलवार आपल्या काळजावर, किंवा आपला मुलगा सआदतयार याच्यावर, किंवा पती खिज्र ख्वाजा याच्यावर का चालली नाही, असा तिने आक्रोश केला आहे. मुलाचे नाव तिच्या लेखणीतून उतरते ते या शोकाच्या ओघात. आपल्या संसाराविषयी तिने जवळजवळ मौन पाळले आहे. साऱ्या घराण्याच्या बाळंतपणांची, लग्नांची, रुसव्यांची वही ठेवणाऱ्या या बाईने स्वतःचे पान कोरे ठेवावे, याची रुखरुख वाचकाला लागते.

आणि म्हणून त्या यात्रेकडे पुन्हा वळावे लागते. निघताना अकबराने पाच वर्षांच्या शाहजादा मुरादला त्यांना किनाऱ्यापर्यंत पोचविण्यास दिले होते. एवढ्या लहान मुलाला इतके लांब कशाला, म्हणून आत्याने त्यास परत पाठविण्यास सांगितले. आजीपण म्हणतात ते हे. सुरतेस एक वर्ष अडकून पडावे लागले. समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती, त्यांच्या परवान्यावाचून, म्हणजे गोव्याच्या मर्जीवाचून, जहाज हाकारणे धोक्याचे होते. १५७६ च्या ऑक्टोबरात त्या ‘सलीमी’ नावाच्या जहाजातून निघाल्या. मेळ्यात शाहम आगा होती, आणि काबूलच्या डोंगरात चांदण्यात गाणारी ती सर्वसही हीही, सरूकद या नावाने, बरोबर होती. चांदणी रात्र समुद्रावरही आली असेलच.

अरबस्तानात त्यांनी साडेतीन वर्षांत चार वेळा हज केली. हिंदुस्थानी बेगमांचा हा लांबलेला मुक्काम आणि त्यांचा दानधर्म तुर्की सुलतान तिसरा मुराद याच्या डोळ्यांत खुपू लागला आणि त्यांना परत धाडावे, असे हुकूम तिकडून सुटले. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटले. तेथे अनेक महिने, तेथील अधिकाऱ्याची वागणूक सोसत, काढावे लागले. अखेर १५८२ साली मेळा परत आला. अजमेरला शाहजादा सलीम सामोरा गेला आणि खानव्यास स्वतः अकबर आला. ज्या खानव्याच्या रणावर तिच्या बापाने राणा सांगाशी झुंज घेतली होती, तेथेच भाच्याने साठीला टेकलेल्या आत्याचे स्वागत केले. त्या रात्री प्रवासाच्या गोष्टी ऐकावयास कोणी झोपले नसेल.

पण त्या गोष्टी आज कोणाच्याही हाती नाहीत. ‘हुमायूननाम्या’ची एकच जुनी प्रत सर्वपरिचित आहे. कर्नल हॅमिल्टन यांच्या संग्रहातून ती १८६८ साली ब्रिटिश म्युझियमकडे गेली, आणि ॲनेट बेव्हरिज या विदुषीने १९०२ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पती हेन्री बेव्हरिज ‘अकबरनामा’ भाषांतरित करीत होते. म्हणजे भाच्याचा इतिहास पतीकडे आणि आत्याचा पत्नीकडे, अशी ती वाटणी होती. ही प्रत कामरानचे डोळे काढल्याच्या प्रसंगाशी, १५५३ च्या हकीकतीत, वाक्य अर्धवट टाकून तुटते. पुढील पाने लिहिलीच गेली नाहीत की फाटून गेली, याचा निर्णय लागत नाही. त्यामुळे उम्म कुल्सूमला आजीच्या शब्दांत पाहण्याचा योग नाही.

यात्रेनंतरही तिचे हातपाय थांबले नाहीत. दानधर्म चालूच होता. सत्तरीच्या सुमारास तिच्या मुलीचा मुलगा महंमदयार दरबारातून अपमानित होऊन निघून गेला, त्या प्रसंगी कागदपत्रांत पुन्हा तिचे नाव येते. सलीमने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा त्याला क्षमा व्हावी म्हणून रदबदली करणाऱ्यांत सलीमा सुलतानबरोबर हीही होती. नातवंडांच्या आगळिकी पोटात घालणे हे आजीचे जुनेच काम. येथे त्या आगळिकीस राज्याची किंमत होती एवढेच.

१६०३ च्या फेब्रुवारीत, ऐंशीव्या वर्षी, थोड्या दिवसांच्या तापानंतर तिचा शेवट जवळ आला. हमीदाबानू उशाशी बसली होती. नेहमीच्या लाडक्या नावाने तिने ‘जिऊ’ अशी हाक मारली. उत्तर आले नाही. मग तिने ‘गुलबदन’ म्हणून हाक दिली. तेव्हा म्हातारीने डोळे उघडले, आपण निघाल्याचे सांगून भावजयीला दीर्घायुष्य चिंतिले आणि प्राण सोडला. अकबराने आत्याच्या जनाज्याला काही अंतर स्वतः खांदा दिला. हमीदाही पुढल्याच वर्षी गेली.