किल्टची लांबी आणि परंपरेचा दाखला

स्कॉटलंडांतील पुरुषांनीं 'किल्ट' गुडघ्याच्या मध्यापर्यंतच नेसावा, त्याहून आंखूड नेसणें म्हणजे परंपरेस बट्टा, असें कित्येक अभिमानी म्हणतात. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. सतराव्या शतकांत तेथील डोंगरी लोक एक लांबरुंद लोंकरी वस्त्र कमरेस पट्टा आवळून नेसत. त्याचा वरचा भाग खांद्यावर असे व रात्रीं तेंच पांघरूण होई. अठराव्या शतकांत वरचा भाग वगळून नुसता निऱ्यांचा खालचा भाग नेसण्याचा प्रघात रूढ झाला. १७८५ सालीं छापलेल्या एका पत्रांत याचें श्रेय थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदारास दिलें आहे. मजुरांस मोठें वस्त्र कामांत अडचणीचें होई, हें त्याचें कारण. हा दावा अनेकांस मान्य नाहीं.

१७४६ च्या कायद्यानें या वेषास सहा महिन्यांची कैद ठरली; ती बंदी १७८२ सालीं उठली. १८२२ सालीं बादशहा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हां त्याच्या आंखूड किल्टची थट्टा झाली.

तात्पर्य, आजची परंपराही एके काळीं कातरलेलीच होती. जो वेष सरकारच्या दंडास पुरून उरला, त्याच्या लांबीसाठीं आतां स्वकीयांनींच शिपाई होणें शोभत नाहीं. काम, हवा व सभ्यता पाहून ती नेसणाऱ्यानेंच ठरवावी.